पुढे उघडणाऱ्यासाठी

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकते. रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सहायक होते आणि चौतीस वर्षे इतरांनी लिहिलेली पुस्तके मांडणीवर नीट लावण्यात घालवली. पुस्तक आतून घडवणारी माणसे वेगळी आणि त्यावर बाहेरून फडका मारणारी वेगळी, अशी माझी समजूत होती. ती अजूनही पुरती गेलेली नाही. त्यामुळे साठी उलटल्यावर एखाद्याविषयी चार शब्द लिहायला बसणे मला परक्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरण्यासारखे वाटते. वाचकाने क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी क्षमा केली असती की नाही, सांगता येत नाही. त्यांना स्वतःविषयी बोललेले आवडत नसे. म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही. महाविद्यालयात सगळे त्यांना भाऊ म्हणत, तेवढे पुरे.

भाऊ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. भिंगे पुसणे, तारा गुंडाळून ठेवणे, मुलांनी जाळलेले दिवे बदलणे, हे त्यांचे नेमलेले काम. कॉम्प्युटर दुरुस्त करायला त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि शिकवलेले तर त्याहून नव्हते. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने टाकून दिलेले सहा-सात कॉम्प्युटर एकदा महाविद्यालयाकडे आले, ते चालत नव्हते, आणि ठेवायला जागा नाही म्हणून भाऊंच्या मागच्या खोलीत रचले गेले. वर्षभराने त्यांतले चार चालू लागले. कसे, ते भाऊंनी कधी सांगितले नाही. त्यानंतर आमच्याकडे कुठेही कॉम्प्युटर सुरू होईना की शिपाई भाऊंना बोलवायला धावे.

ते आले की आधी काहीच करीत नसत. स्टूल ओढून यंत्रासमोर बसत, हात मांडीवर ठेवीत आणि ज्याचे यंत्र असेल त्याला विचारीत, "शेवटचा चालू होता तेव्हा काय करत होता?"

बहुतेक जण म्हणत, "काही नाही."

"कायच करत नव्हता तर बंद पडायचं कारण नाय. आठवा वाईच."

मग तो माणूस आठवू लागे, आणि दहा मिनिटांनी निघे की खिडकी उघडी राहिली होती, किंवा वीज दोनदा गेली होती, किंवा चहाचा कप सांडला होता "पण अगदी थोडासा." भाऊ मान हलवीत. रागावत नसत. दुसरा प्रश्नही ठरलेला होता. "यात काय आहे ते मला सांगू नका. किती हवंय तेवढं सांगा." या प्रश्नाने मोठमोठे प्राध्यापक गोंधळलेले मी पाहिले आहेत.

झाकण उघडण्यापूर्वी ते उठून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावीत. अंगातली वीज लोखंडात उतरावी, ती आतल्या नाजूक भागांना बसू नये, एवढाच त्यात हेतू होता. पण तो त्यांनी कोणाला सांगितला नसल्यामुळे लोक त्याला नमस्कार समजत. एक प्राध्यापक तर वर्गात प्रोजेक्टर सुरू करण्यापूर्वी गजाला हात लावून तो कपाळाला टेकवू लागले. भाऊंना कोणीतरी हे सांगितले, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "कपाळाला नको. बाकी बरोबर हाय."

पुढचे काम त्यांच्या भाषेत पंगतीचे. आतला एकेक भाग काढून ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडीत, आणि मग लागतील तेवढेच, एकदोन भाग परत बसवून बटण दाबीत. चालले की तिसरा, मग चौथा. घाईच्या माणसाला हे बघवत नसे. आमचे कार्यालयीन अधीक्षक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, एकदा म्हणाले, "भाऊ, सगळं एकदम लावून बघा ना. लग्न लागायचंय का याचं?"

"साहेब, सगळ्यांना एकदम वाढलान की कोणाचं पोट बिघडलं ते कळत नाय."

यंत्र सुरू होताना आतून बारीक शिट्ट्या येतात. किती आणि केवढ्या लांब, त्यावरून आतले दुखणे ओळखायचे असते. ती वेळ आली की भाऊ उजवा तळहात उभा धरीत, आणि साहेबसुद्धा बोलता बोलता थांबत. समुद्राच्या हवेने आतल्या पट्ट्यांची पितळी, सोनेरी टोके काळवंडत. त्यासाठी भाऊंच्या खिशात एक साधे पांढरे खोडरबर असे. त्याने ती टोके ते हलक्या हाताने घासत. वासाचे, रंगीत खोडरबर कोणी पुढे केले तर परत करीत. "हे पोरींच्या कंपासपेटीत शोभतं."

दोन गोष्टी आणखी सांगायच्या. त्यांच्या मागच्या खोलीत खाण्याला सक्त मनाई होती. शेंगदाण्याचा दाणाही नाही. मुंग्या येतात, म्हणत. एका तपासनीसाला तोंडातली लवंग टाकून यायला त्यांनी सांगितले होते. आणि दुसरी गोष्ट अशी की यंत्राचे झाकण बंद करण्यापूर्वी ते पाठमोरे होत, कागदावर काहीतरी लिहीत आणि तो कागद झाकणाला आतून चिकटवून टाकीत. मी एकदा विचारले होते, "आत काय लावलंत?"

"केसपेपर."

"तो आत लावून काय उपयोग? वाचणार कोण?"

"पुढे उघडील तो."

आता माझ्या यंत्राविषयी. ग्रंथालयाचा कॉम्प्युटर त्या वेळीही जुनाच होता. आडवा डबा, त्यावर ठेवलेला जाडजूड मॉनिटर. त्याची आतली बॅटरी संपलेली असल्यामुळे तो रोज सकाळी आपल्या जन्मवर्षाच्या एक जानेवारीला जागा होई. मी तारीख बदलायला विसरले त्या दिवशी मुलांनी पुस्तके नेण्याच्या कितीतरी वर्षे आधीच ती परत केल्याच्या नोंदी होत. या यंत्रावर मी पुस्तकांच्या नोंदी करी, हे सर्वांना ठाऊक होते. दीड ते दोन या जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर आणखी काही करी, हे कोणालाही ठाऊक नव्हते.

मी लिहीत असे. आमच्या आतल्या गावाविषयी, वहाळापलीकडच्या शाळेविषयी. धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून मी घरी राहिले होते आणि पाटी घेऊन शाळेत गेले ते वय उलटून गेल्यावर, नववे लागल्यावर. त्याविषयी रोज चार ओळी, कधी दोन. अकरा वर्षांत फार पाने झाली नव्हती, कारण लिहिलेले मी पुष्कळदा खोडत असे. कोणी उघडू नये म्हणून त्या फाईलला मी नाव दिले होते 'रद्द पुस्तके, जुनी यादी.' दुसरीकडे प्रत ठेवायची तर कोणाकडे तरी काही मागावे लागले असते, आणि मग कशासाठी, हेही सांगावे लागले असते. त्यामुळे जे काही होते ते त्या एका डब्यात होते.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी लिहिता लिहिता पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला तर जेमतेम मिनिटभर तग धरी आणि बंद होई. साहेबांनी येऊन पाहिले. "शनिवारी निर्लेखनाची यादी जाते, मोडीत काढायच्या वस्तूंची. भंगाराची गाडीही त्याच दिवशी आहे. तोवर चालला तर ठेवू, नाहीतर गाडीत घालू," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि कोणाच्या हलगर्जीपणानं बिघडला असेल तर लेखी खुलासा लागेल हं, बाई." तो मंगळवार होता.

भाऊ आले. स्टुलावर बसले. "शेवटचा चालू होता तेव्हा काय करत होता?"

"नोंदी," मी म्हटले.

"किती वाजता?"

"दीडच्या पुढे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या न उघडलेल्या जेवणाच्या डब्याकडे. "यात काय आहे ते सांगू नका. किती हवंय?"

मला "थोडं" म्हणायचे होते. तोंडून "सगळं" निघाले, आणि आवाज असा फुटला की समोर वाचत बसलेल्या दोघी मुलींनी वर पाहिले.

"मग घाई नाय करायची," भाऊ म्हणाले, आणि तिथे न उघडता यंत्राचा डबा उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले. बंद यंत्र ते जागेवरून कधी हलवीत नसत. मला तेव्हा ते लक्षात आले नाही.

बुधवारी पहाटे जाग आली ती एक गोष्ट आठवूनच. महिन्यापूर्वी त्या डब्याच्या मागच्या फटीतून एक झुरळ बाहेर येताना मी पाहिले होते. ग्रंथालयातल्या माणसाचा झुरळ आणि कसर यांवर एकच उपाय असतो. मी तीन डांबरगोळ्या त्या फटीतून बोटाने आत ढकलल्या होत्या. पुस्तकांच्या कपाटांत जशा टाकते तशा, तितक्याच सहजपणे, आणि मनात थोडे प्रेमही होते म्हणा. यंत्राला यातून काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

भाऊंना सांगायचेच, असे ठरवून मी दुपारी प्रयोगशाळेत गेले. मागच्या खोलीचे दार उघडे होते, खिडक्या उघड्या होत्या, आणि भाऊ यंत्रांच्या मधोमध बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. शेंगदाणाही चालू न देणारे भाऊ! सुक्या कोलंबीचा तो भपकारा पार जिन्यापर्यंत आला होता. माझ्या मागोमाग नाकाला रुमाल लावून साहेब आले.

"भाऊ, ही प्रयोगशाळा आहे की हर्णेच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव?"

"हर्णेला याच्या दसपट वास असतो, साहेब. वाईच चव बघता?"

"अहो, तुम्हीच नियम केलात ना इथे खायचं नाही म्हणून?"

"मीच केला. म्हणून तर मोडताना कोणाला विचारायला नको."

साहेब निघून गेले. माझे सगळे धैर्य त्यांच्याबरोबर गेले. "काय, बाई?" भाऊंनी विचारले.

"काही नाही. कसा आहे तो?"

"बोलेल. शुक्रवारपर्यंत सोडा माझ्याकडे."

गुरुवारीही सुकट होती. साहेबांनी शिपायाकडून उदबत्ती पाठवली. भाऊंनी ती परत पाठवली, धुराने यंत्र खराब होते म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः डबा खांद्यावर घेऊन आणला, माझ्या टेबलावर ठेवला, खिडकीच्या गजाला हात लावला आणि बटण दाबले. एक छोटी शिट्टी वाजली. पडदा उजळला. 'रद्द पुस्तके' जागच्या जागी होती.

"काय झालं होतं?" मी विचारले.

"दमट हवा," भाऊ म्हणाले. "समुद्राचं मीठ. दुसरं काय?" साहेबांना दिलेल्या कागदावरही त्यांनी तेच लिहिले.

मी सुटकेचा श्वास टाकला. डांबरगोळी हवेत उडून जाते, हे ग्रंथालयातल्या माणसाला सांगावे लागत नाही. महिन्याभरात त्या गोळ्या उडून गेल्या असणार आणि बिघाडाशी त्यांचा संबंधच नसणार, अशी मी मनाची समजूत घातली. सोयीची होती, म्हणून ती पुष्कळ वर्षे टिकली.

"एक करा," जाताना भाऊ म्हणाले. "दुसरीकडे प्रत ठेवा. आणि पुढे कधी रुसला तर दुसऱ्याच्या हाती देऊ नका. स्वतः उघडा. मी करतो ते बघितलंत ना? तेवढंच असतं."

प्रत मी ठेवली नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर भाऊंना एक नवीनच सवय लागली. दर शुक्रवारी चारच्या सुमारास ते ग्रंथालयात येत. पुस्तक नेत नसत. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणत, "काय, बाई? तुमचं काम चाललंय ना त्याच्यावर?"

"हो, भाऊ. नोंदी चालल्या आहेत."

मग ते थोडा वेळ तसेच उभे राहत. कधी टेबलावरचा शिक्का सरळ करून ठेवीत. कधी उगीच खोडरबर खिशातून काढून परत ठेवीत. आणि जात. हे त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालले. माझ्या सहकारी बाई हसून म्हणत, "आले बघ तुझ्या यंत्राचे मामा, भाचा बघायला." मीही हसे. दुरुस्त केलेल्या यंत्रावर माणसाचा जीव जडत असेल, असे मला वाटे.

माझ्या निवृत्तीच्या सुमारास तो कॉम्प्युटर अखेर निर्लेखनाच्या यादीत गेला, आणि रीतसर अर्ज करून मी तो घरी आणला. घरी त्यावर मी दीड ते दोन लिहीत राहिले. वेळ बदलली असती तर शब्द सुचले नसते.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. मी खाडीपलीकडच्या त्यांच्या घरी भेटायला गेले. जांभ्या दगडाच्या त्या छोट्याशा घरात दुरुस्त केलेले एकही यंत्र नव्हते. वहिनी म्हणाल्या, "जगाची मशिनी चालू केलान. घरातला मिक्सर चार वर्सं पडलाय तसाच. म्हणायचे, त्याला शिट्टी येत नाय, मी काय समजणार?" सांगता सांगता त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावला. "तुम्ही लायब्ररीतल्या बाई ना? तुमचं नाव निघायचं हो. बाई लिवतात, म्हणायचे."

मी म्हटले, "नोंदी लिहीत असे मी, वहिनी."

मागच्या महिन्यात माझा कॉम्प्युटर सुरू होईना. पडदा काळा आणि आतून तीन लांब शिट्ट्या. भाचीने सांगितले, "मावशी, नवा घे, हा आता टाकून दे." दुकानात न्यायचा तर अनोळखी माणसाने तो उघडला असता. तीन दिवस मी त्याच्या समोरून नुसती येजा केली. चौथ्या दिवशी दुपारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, खिडकीच्या गजाला हात लावला आणि डब्याचे चार स्क्रू काढले.

झाकण उलटे केले तेव्हा आतल्या बाजूला कागद होता. प्रयोगवहीचा, चौकटीचा, कडा पिवळ्या पडलेल्या. भाऊंचे अक्षर मोठे आणि सुटे होते. मी तो जसाच्या तसा इथे उतरवते.

"ग्रंथालय. बाईंचा.
तक्रार : चालू होतो, मिनिटात बसतो.
कारण : डांबरगोळ्या तीन. एक पंख्यात अडकलेली. दोन खाली, निम्म्या उरलेल्या.
उपाय : पंखा बदलला. आतून पुसला. मंगळवारीच चालू झाला.
वास जाईना. साहेबांना कळेल. तीन दिवस खिडकीत ठेवला. सुकट आणली.
दोष यंत्राचा नाही. बाईंचाही नाही. काळजीने घातल्या आहेत.
कागदावर दमट हवा लिहिले आहे. पुढे उघडणाऱ्यानेही तसेच सांगावे."

त्याखाली रेघ होती आणि रेघेखाली, बारीक अक्षरात, आणखी काही.

"तपासायला एक फाईल उघडली. यादी म्हणून उघडली. यादी नव्हती. चार पाने वाचली. चौथ्या पानाच्या शेवटी मुलगी पाटी घेऊन शाळेच्या दारात उभी आहे. मास्तरांनी आत घेतली का, कळले नाही. दुसऱ्याचे आहे म्हणून थांबलो. पाचवे पान बाईंना विचारून वाचायचे."

मी तो कागद किती वेळ हातात धरून बसले होते, कोण जाणे. मग मांडीवर ठेवला, कारण भिजला असता. एक शुक्रवार नव्हे, दोन नव्हेत; किती शुक्रवार ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले असतील, ते मोजण्याचे मला धाडस झाले नाही. त्यांना विचारता आले नाही. आणि प्रत्येक वेळी मी त्यांना नोंदींविषयी सांगितले.

त्यानंतर मी पंगत मांडली. सगळे भाग काढले, पुसले. तीन लांब शिट्ट्यांचे दुखणे कुठले, ते मला पाहून पाहून ठाऊक झाले होते. पांढऱ्या खोडरबराने सोनेरी टोके घासली, हलक्या हाताने, एका बाजूने नि मग दुसऱ्या. एकेकाला जागेवर बसवले. बटण दाबले तेव्हा नकळत माझा उजवा तळहात उभा झाला होता. खोलीत गप्प करायला कोणीच नव्हते.

एक छोटी शिट्टी वाजली.

यंत्र नेहमीप्रमाणे आपल्या जन्मवर्षाच्या एक जानेवारीला जागे झाले. मी तारीख आजची केली. फाईलचे नावही बदलले. मग दुसऱ्या एका कागदावर बिघाड, कारण आणि उपाय लिहिला, आणि झाकण लावण्यापूर्वी तो भाऊंच्या कागदाशेजारी चिकटवला.

एवढे झाल्यावर भाऊंविषयी हे लिहायला बसले. जे झाले ते इतकेच आहे. पाचवे पान या क्षणी माझ्यासमोर उघडे आहे, आणि ती मुलगी अजून दारातच आहे. तेव्हा जे मला एका माणसाला विचारता आले नाही, ते आता न ओळखणाऱ्या माणसाला विचारते.

पाचवे पान तुम्ही वाचाल का?